सोळा डोंगर

आमच्याकडे दहीकाल्यात, म्हणजे दशावताराच्या नाटकात, रडायला कुणी लाजत नाही. पेडण्यात जत्रांचे दिवस सुरू झाले की रात्री उशिरा देवळासमोर पायपेटीचा सूर लागतो, संकासूर येऊन पोरांना घाबरवून जातो आणि आख्यान खरं रंगायला लागेपर्यंत अर्धी रात्र उलटलेली असते. स्मशानात हरिश्चंद्र तारामतीकडे प्रेत जाळण्याचा कर मागतो, तेव्हा माझी पेडण्याची मावशी पदर डोळ्यांना लावते. तारामतीच्या लुगड्यात कोण पुरुष आहे, त्याचं दुकान कुठल्या वाड्यावर आहे, हे तिला ठाऊक असतं. रोहिदास थोड्या वेळाने उठून बसणार आहे, हेही ठाऊक असतं. तरी ती रडते आणि सकाळी शेजारणीला सांगते, "काल रडून रडून डोळे सुजले, नाटक बरं झालं." डोळे किती सुजले यावर मंडळी कशी होती ते ठरतं.

व्हिडिओ गेम खेळताना रडू आलं, असं एखाद्या चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने सांगितलं, तर मात्र ऐकणारा आधी हसतो आणि मग काळजीने पाहतो. मी हे मावशीलाच सांगून पाहिलंय. तिने विचारलं, "हरलास म्हणून?"

नाही, जिंकलो म्हणून. हे तिला समजावणं मला जमलं नाही. पण तिच्या रडण्यात आणि माझ्या रडण्यात फरक आहे, तो मला तेव्हापासून छळतो आहे. मावशी हरिश्चंद्राचा हात धरू शकत नाही. विश्वामित्राला दोन शब्द सुनवू शकत नाही. जे घडतंय ते तिच्या डोळ्यांदेखत घडतंय, तिच्या हातून नव्हे. तिचं रडणं निर्दोष असतं. गेममध्ये ती सोय नाही. बटण दाबल्याशिवाय तिथं काही घडत नाही आणि बटणावर बोट आपलं असतं.

आमच्या पिढीच्या हाताखालून खेळ तसे पुष्कळ गेले. टीव्हीला जोडायचं ते खोकं आणि त्याच्या पिवळ्या कॅसेटी, ज्यांच्यावर हजारो गेम असल्याचं छापलेलं असायचं आणि आत तेच पाच-सहा गेम फिरून फिरून यायचे. मग मनोहर पर्रीकरांच्या पहिल्या कारकिर्दीत 'सायबरएज' योजनेतून अकरावीच्या मुलांना घरी संगणक मिळू लागले. गोव्यातल्या खेड्यापाड्यांत एवढे संगणक एकदम कधीच शिरले नव्हते. सरकारचा हेतू मुलांनी माहिती तंत्रज्ञानात पुढं जावं हा होता. मुलं 'रोड रॅश'मध्ये साखळी फिरवत पुढं जात होती. त्या संगणकाला देवघरासारखं कापडी झाकण असायचं आणि आईलोकांचा समज होता की खडखड आवाज येतोय म्हणजे अभ्यास चाललाय. ते दिवस मजेचे होते, पण त्या खेळांतलं काहीही मला रात्री आठवत नाही.

आठवतो तो एकच. मस्कतला नोकरीला असलेल्या मामाने आणलेल्या प्लेस्टेशन 2 वर मी 'शॅडो ऑफ द कोलॉसस' खेळलो. फुमितो उएदा नावाच्या जपानी माणसाने तो दिग्दर्शित केलेला, 2005 साली आलेला. मला तो बऱ्याच उशिरा मिळाला, तेव्हा मी कॉलेजात होतो.

गोष्ट सांगायला घेतली तर दोन मिनिटांत संपते. एक मुलगा मेलेल्या मुलीला घोड्यावर घालून एका निर्मनुष्य प्रदेशात येतो. तिथल्या देवळात एक अदृश्य शक्ती त्याला सांगते, की या प्रदेशात सोळा महाकाय आहेत, त्यांना मार, मग हिला परत आणण्याचं बघू. किंमत मोठी पडेल, असंही बजावते. मुलगा म्हणतो, चालेल. बस्स. वाटेत लुटुपुटूचे शत्रू नाहीत, गावं नाहीत, गोळा करायला नाणी नाहीत. घोडा आहे, तलवार आहे, धनुष्य आहे, खूप मोठं आकाश आहे आणि वाऱ्याचा आवाज. तलवार उन्हात धरली की किरणं एका दिशेला गोळा होतात, तिकडं जायचं.

तिकडं गेल्यावर महाकाय दिसतो आणि इथंच माझ्यासारख्या डिचोलीच्या पोराचा पाय अडखळतो. कारण तो राक्षस नसतोच. तो डोंगर असतो. अंगावर गवत, खांद्यावर शेवाळलेले दगड, पाठीवर पडक्या बांधकामासारखी खडकांची ओळ. तो चालतो तेव्हा अंगावरून माती झडते. त्याच्या पायाच्या केसांना लोंबकळून चढायला सुरुवात करायची, धाप लागली की कुठल्या तरी कपारीत थांबायचं, तो अंग झटकेल तेव्हा घट्ट धरून राहायचं. धरण्यासाठी उजव्या तर्जनीखालचं एक बटण दाबूनच ठेवावं लागतं. सोडलं की पडलो. पडद्याच्या कोपऱ्यात एक वर्तुळ लहान लहान होत जातं, तेवढी तुमची ताकद उरलेली. बोट खरोखर दुखायला लागतं. चढण्याची दमछाक त्या मुलाची असते, पण दुखतं आपलं बोट.

माथ्यावर पोचल्यावर एक खूण उजळलेली दिसते. तिथं तलवार खुपसायची. एकदा, दोनदा, डोंगर हेलकावतो, पुन्हा. आणि मग तो कोसळतो. आतापर्यंत छाती धडधडवणारं संगीत त्या क्षणी थांबतं आणि दुसरंच काही सुरू होतं. कोउ ओतानी या संगीतकाराने तिथं विजयाचा डंका वाजवायला हवा होता. सगळ्या खेळांत वाजतो. त्याने तिथं शोक ठेवला. एवढा मोठा जीव हळूहळू गुडघ्यांवर येतो, आडवा होतो, धुरळा उडतो, आणि आपण कुणाच्या तरी मर्तिकाला चुकून पहिल्या रांगेत उभे आहोत असं वाटायला लागतं. त्याच्या अंगातून काळे धागे निघून मुलाच्या छातीत घुसतात. मुलगा शुद्धीवर येतो तो देवळात, आणि दर वेळी त्याच्याभोवती उभ्या सावल्यांत एक सावली वाढलेली असते. चेहरा फिकट होत जातो, केस काळवंडतात. खेळ एका शब्दानेही सांगत नाही की तू चुकतोयस. तो फक्त पुढच्या डोंगराची दिशा सांगतो.

हे सगळं जगभरच्या खेळणाऱ्यांनी अनुभवलंय. त्यात माझं वेगळं काही नाही. वेगळं एवढंच, की खेळ बंद करून मी अंगणात आलो की समोर खरोखरच अर्धा डोंगर होता.

डिचोलीचा मुळगाव-शिरगाव-पिळगावचा पट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. ज्यांनी गोवा म्हणजे समुद्रच पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या डोंगरात लोखंड आहे. पोर्तुगीज अमदानीत दिलेल्या सवलतींपासून ते खणलं जातंय, पण आमच्या लहानपणीचं खणणं आणि चीनला हलकं खनिजही हवंसं झाल्यानंतरचं खणणं यांत बैलगाडी आणि विमानाइतका फरक होता. 2010-11 या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ती माती रचून झालेले डंप नवे डोंगर म्हणून उभे राहिले आणि जुन्या डोंगरांच्या जागी खड्डे झाले, समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले. शिरगावच्या विहिरी आटल्या त्या यातूनच. पावसात लाल गाळ शेतात उतरायचा. रस्त्याकडेच्या झाडांची पानं कुठल्या रंगाची आहेत ते जूनमध्ये कळायचं.

आणि त्या रस्त्यावरून सारमानसच्या धक्क्याकडे जाणाऱ्या टिपरांच्या रांगेत एक टिपर आमचं होतं.

ते बाबांनी बँकेचं कर्ज काढून घेतलेलं. मामाचा प्लेस्टेशन सोडला तर घरात जे काही होतं ते त्या टिपरच्या खेपांवर आलेलं होतं: स्लॅब, फ्रीज, माझी कॉलेजची फी. तेव्हा मी पर्यावरणवादी आणि बाबा खाणवाले अशी सोपी वाटणी करायला जाऊ नये. गावात ती वाटणी करणारे होते, दोन्ही बाजूंनी, पण एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांना ती परवडत नाही.

मला त्या खेळाने जे दिलं ते पश्चात्तापाचं प्रवचन नव्हतं. त्याने एक साधी गोष्ट दाखवली, जी अंगणातून वर्षानुवर्षं दिसत असूनही दिसत नव्हती. आमचे डोंगर पडताना कुणी पाहिलेच नाहीत. ते एका दुपारी गुडघ्यांवर येऊन आडवे झाले नाहीत. यंत्राने एक पायरी कापली, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. यंत्र चालवणाऱ्याने पाळी भरली, टिपरवाल्याने खेप मारली, बार्जवाल्याने मांडवीतून मुरगावला माल नेला, कारकुनाने वजन लिहिलं. डोंगराला इतके हात लागले की कुणाचाच हात लागला नाही. संगीत वाजलं नाही, धुरळा उडाला तो रोजचाच होता. खेळात मात्र एकच हात असतो आणि डोंगर एकदम पडतो. जे पंचवीस वर्षांत पसरून पातळ झालं होतं, ते तिथं दोन मिनिटांत घट्ट होऊन समोर येतं. मला रडू आलं ते त्या जपानी डोंगरासाठी नक्की किती आणि अंगणासमोरच्या अर्ध्या डोंगरासाठी किती, याचा हिशेब मी केला नाही.

2012 च्या सप्टेंबरात, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी बंद झाल्या. पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. 2014 साली वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने वाट मोकळी केली आणि टिपरची चाकं पुन्हा फिरली, पण पूर्वीसारखी नाही. मग 7 फेब्रुवारी 2018 रोजी त्याच न्यायालयाने नूतनीकरण झालेले सगळे 88 खाणपट्टे रद्द केले. त्याच आठवड्यात 'शॅडो ऑफ द कोलॉसस' नव्या रूपात, प्लेस्टेशन 4 साठी, जगभर विक्रीला आला. ही जुळणी एखाद्या कथेत कुणी लिहिली असती तर मी ती ओढूनताणून केलेली म्हणून खोडली असती.

मार्चच्या मध्यापासून टिपर अंगणात उभं. हप्ते चालू. बाबा दिवसभर घरी, आणि घरी बसण्याची सवय नसलेला माणूस घरात किती जागा व्यापतो ते त्या उन्हाळ्यात कळलं. धाकट्या भावाने तो नवा गेम आणला होता. एका रात्री मी खेळत होतो आणि बाबा मागे खुर्चीवर येऊन बसले. याआधी त्यांनी माझ्या खेळाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता प्रत्येक दगड, गवताचं प्रत्येक पातं स्पष्ट दिसत होतं. मी चढलो, धरून राहिलो, तलवार खुपसली. डोंगर कोसळला, ते संगीत सुरू झालं. बाबा बराच वेळ त्या आडव्या झालेल्या आकाराकडे पाहत होते. मग म्हणाले, "कितल्या टिपरांचो माल आसतलो रे हो?"

मला हसू आवरेना. तेही हसले. मग उठून आत जाता जाता म्हणाले, "तुज्या गेमांत तरी मायनिंग चालू आसा."

समीक्षकांनी या खेळावर पानंच्या पानं लिहिली आहेत. खेळणाऱ्याला गुन्ह्यात ओढण्याच्या कलेबद्दल, पर्यायच न देण्याबद्दल. बाबांच्या त्या दोन वाक्यांत ते सगळं होतं आणि शिवाय बँकेचा हप्ता होता. खेळातला मुलगा दुष्ट नाही. त्याला कुणाला तरी परत आणायचंय, आणि त्यासाठी जो रस्ता दाखवला गेला त्यावरून तो घोडा दामटतोय. बाबांनाही कुणी दुसरा रस्ता दाखवला नव्हता. इथं एक गोष्ट मात्र मी समीक्षकांच्या विरुद्ध म्हणेन: खेळ पर्याय देत नाही म्हणून आपण निर्दोष, हे खरं नाही. सहाव्या-सातव्या डोंगरानंतर प्रत्येकाला कळलेलं असतं काय चाललंय ते. आणि तरी पुढचा कसा असेल हे पाहायचंच असतं. ती उत्सुकता आपली असते, उएदाने आणून दिलेली नसते.

हाताचा उलटा उपयोगही खेळांना करता येतो. अमेरिकेतल्या रायन आणि एमी ग्रीन या जोडप्याचा मुलगा जोएल कर्करोगाने 2014 साली, पाचव्या वर्षी गेला. 2016 साली त्यांनी त्याच्या आजारपणावर 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा खेळ आणला. त्यात हॉस्पिटलातली एक रात्र आहे. मूल रडतंय, थांबत नाही, आणि तुम्ही जे बटण दाबाल त्याने काहीही होत नाही. पाणी देऊन होत नाही, कुशीत घेऊन होत नाही. खेळणाऱ्याचा हात काढून घेणं म्हणजे काय ते मला तिथं समजलं. मी तो एकदाच खेळलो. पुन्हा खेळणार नाही आणि कुणाला खेळ असं सांगणारही नाही.

आपल्याकडेही आता असं काही होऊ लागलंय. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 2020 साली 'राजी' आणला. राखीपौर्णिमेच्या जत्रेत असुरांनी भाऊ पळवला आणि डोंबाऱ्याची कसरत जाणणारी बहीण त्याला शोधत निघाली. मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, तेही एकमेकांना टोमणे मारत. मला त्यातल्या लढाया तेवढ्या भावल्या नाहीत. पण देव वर बसून माणसाच्या पोरीबद्दल बोलताहेत हा थाट मला थेट आमच्या दशावतारातला वाटला. आणि गोव्यातच रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना या दोघांनी मिळून रचलेला 'फिशबाउल' तर लढाईच्या वाटेला जातच नाही. नव्या शहरात एकटी राहणारी मुलगी, घरातूनच नोकरी, आईशी फोन, आणि नुकत्याच गेलेल्या आजीच्या सामानाची खोकी, जी एकेक करून उघडायची. महिनाभराची गोष्ट. इथं हाताला काम आहे ते खोकं उघडण्याचं. ज्यांनी आजीची पेटी उपसलीय त्यांना कळेल की तलवार खुपसणं त्यापेक्षा सोपं असतं.

मावशीच्या नातवाला मी माझा प्लेस्टेशन 4 देऊन टाकला. तो नात्याने माझा भाचा, पेडण्यात राहतो, तेरा वर्षांचा आहे. त्यांच्या घरापासून मोपाचा सडा फार लांब नाही. जिथं पावसाळ्यात गुरं चरायची आणि फुलांचे गालिचे असायचे, तिथून आता विमानं उडतात. डिसेंबर 2022 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, पुढच्या महिन्यात वाहतूक सुरू झाली. भाच्याला सडा आठवत नाही. त्याला विमानांची नावं पाठ आहेत, आणि मोठा होऊन तिथंच नोकरी करायची आहे. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नाही. आमच्या वेळच्या पोरांना टिपर चालवायचं होतं.

तो बहुतेक वेळ फोनवर बंदुकांचेच खेळ खेळतो. पण 'शॅडो ऑफ द कोलॉसस' त्याने सुरू केला आणि माझ्यापेक्षा कितीतरी सराईतपणे डोंगर पाडत गेला. गेल्या खेपेला गेलो तेव्हा तेराव्यापाशी होता. तेरावा वाळवंटात असतो. अजस्र लांब, उडणारा, आणि तो तुम्हाला काहीच करत नाही. एकदाही नाही. तुम्ही बाण मारेपर्यंत त्याला तुमचं अस्तित्वसुद्धा जाणवत नसावं. माझ्या वेळी मी त्याला सगळ्यात चटकन पाडला होता, कारण तो दिसायला सगळ्यात सुंदर होता आणि मला जवळून बघायचा होता.

"मामा," भाचा म्हणाला, "हो म्हाका कायच करिना. हाका कित्याक मारूं?"

"मारला नाहीस तर गेम पुढं जाणार नाही."

"मागीर वचूं नाका."

आणि खरंच त्याने तो पुढं नेला नाही. तो घोडा घेऊन त्या प्रदेशात नुसता हिंडतो. मी कधी गेलोच नाही अशा जागा त्याने शोधून काढल्यात: पडका पूल, तळं, झाडांवरची फळं, शेपट्या चमकणाऱ्या पाली. वाळवंटात जाऊन उडणारा तो लांबच लांब जीव डोक्यावरून जाताना बघत उभा राहतो, त्याला तो 'म्हजें विमान' म्हणतो. मावशीची मात्र तक्रार आहे. पोरगं त्याच गेमवर कित्येक महिने अडकलंय, एवढ्या वेळात दहा गेम संपले असते, आणि मामाने त्याला कसला तरी रडका खेळ दिलाय, असं ती सांगत फिरते. दशावतार पाहून रात्रभर रडणाऱ्या बाईचं हे मत मी मुकाट्याने ऐकून घेतो. तिकडे डिचोलीचा पहिला खाणपट्टा 2022 च्या शेवटी लिलावात गेला आणि 2024 मध्ये तिथं पुन्हा काम सुरू झालं. बाबांनी टिपर कधीच विकलंय, पण रस्त्यावरून कुणाचं गेलं की आवाजावरून भरलेलं की रिकामं ते ओळखतात, आणि चुकत नाहीत.